पुढील शाळेचे नाव : स्वगृह

१ जुलै, सोमवार

आज शाळा उघडली आणि आजच मी करिश्माला शाळेतून काढायचे ठरवले. पुढे कोणी विचारले तर तारीख हाती असावी म्हणून ही वही सुरू करतो.

सकाळी तिला चौथीत बसवायला गेलो होतो. आमच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, शाळा चौथीपर्यंत. पोरं एकवीस, गुरुजींच्या जागा दोन. दुसऱ्या गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आले नाही. उरले गुलाब मेश्राम गुरुजी, तेच मुख्याध्यापक. मी गेलो तेव्हा ते पाण्याच्या टाकीवर उभे होते. पहिल्या दिवसाचा फोटो वर पाठवायचा होता आणि रेंज फक्त टाकीवर येते. खाली चारही वर्ग एका ओळीत बसून त्यांच्याकडे पाहत होते. मी अर्धा तास थांबलो. फोटो काही गेला नाही.

घरी येऊन रंजीताला सांगितले की पुण्यातली एक बाई आपल्या दोन्ही मुलांना घरीच शिकवते, मी मोबाईलवर पाहिले आहे, आणि उद्यापासून करिश्माला मीही घरीच शिकवणार. रंजीता म्हणजे माझी बायको, टोल्यावरचीच अंगणवाडी सेविका. तिने विचारले, वेळ कुठून आणणार. मी हिशेब मांडला. तीन किलोमीटरवरच्या गावात मी शाखा डाकपाल आहे, पोस्ट अकरा ते तीन. सकाळी सात ते नऊ मी शिकवीन. मी कामावर असताना करिश्मा स्वयंअध्ययन करील.

"कायद्यात बसते का, ते पाहा आधी," रंजीता म्हणाली. तिचे कधीकधी बरोबर असते.

ता.क. : माझे डी.एड. झालेले आहे, पहिल्या वर्गात. त्यानंतर कित्येक वर्षं भरती निघाली नाही आणि निघाली तेव्हा माझे वय निघून गेले होते. याचा वरील निर्णयाशी काही संबंध नाही.

२ जुलै

टी.सी.साठी अर्ज दिला. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'पुढील शाळेचे नाव'. मी तिथे 'स्वगृह' लिहिले. गुरुजींनी ते वाचले, चष्मा पुसला, परत वाचले.

मग त्यांनी समजावून सांगितले. सहा ते चौदा वयाच्या लेकराचे नाव असे कापता येत नाही. दुसऱ्या शाळेने मागणी केली तरच ते तिकडे जाते. प्रत्येक शाळेला नंबर असतो, तो संगणकात टाकावा लागतो. माझ्या घराला तसा नंबर नाही. मी म्हटले, घर क्रमांक ४७ आहे. ते म्हणाले, तो ग्रामपंचायतीचा.

शेवटी आवाज खाली करून म्हणाले, "प्रफुलभाऊ, पट एकवीस हाये. वीसच्या खाली गेला त शाळा राह्यते का जाते, कोनी सांगू शकत नाई."

मी सांगितले की हा भावनिक दबाव झाला. त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला.

आज पहिला पाठ घेतला. फळा म्हणून दाराची आतली बाजू वापरली. कोणी आले की अर्धे गणित आत जाते.

८ जुलै

शिक्षण हक्क कायद्याचे पुस्तक रजिस्टरने आले. माझ्याच पोस्टात आल्यामुळे मी ते मलाच दिले आणि माझी सही घेतली.

दोनदा वाचले. लेकराला शिक्षणाचा हक्क आहे. सरकारवर शाळा पुरवण्याची जबाबदारी आहे. दहाव्या कलमात आई-बापाचे कर्तव्य सांगितले आहे : लेकराला जवळच्या शाळेत घालावे. पण नाही घातले तर आई-बापाला काय शिक्षा, ते कुठेच नाही. घरी शिकवू नये असेही नाही, शिकवावे असेही नाही. जंगलातल्या पायवाटेसारखे आहे. वाट आहे, लोक जातातही, पण नकाशावर नाही.

रंजीताला हे वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती.

"त्या वाटेनं अस्वल बी येते," ती म्हणाली.

११ जुलै

पोस्टात बदली माणूस बसवून तालुक्याला गेलो. शिक्षण विभागातले बाबू माणूस चांगले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि करिश्माला कोणत्या वर्गवारीत टाकावे ते संगणकात शोधू लागले. 'शिकत आहे' आहे. 'स्थलांतरित' आहे. 'शाळाबाह्य' आहे. 'घरी शिकत आहे' नाही.

मी विचारले, मग कायद्याने मी नेमके काय करायचे. त्यांनाही ते जाणून घ्यायचे होते. त्यांनी मला सांगितले ते असे : लेकरू सलग तीस दिवस गैरहजर राहिले की ते शाळाबाह्य धरतात, मग गुरुजी घरी येतात, समजूत काढतात, प्रभातफेरी येते. मुक्त विद्यालयाची पाचवीची परीक्षा बाहेरून देता येते, पण त्याला वयाची दहा वर्षं पूर्ण लागतात. करिश्माला साडेनऊ झाली.

"तोवर मी काय करू?" मी विचारले.

"तोवर मोठी होऊ द्या," ते म्हणाले.

लेखी प्रश्न देऊन आलो. वरून मार्गदर्शन मागवतो म्हणाले. येताना नाल्यावर पूर होता. पाणी उतरेपर्यंत तीन तास पलीकडच्या काठावर बसून पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम लिहून काढला.

१६ जुलै

स्वयंअध्ययनाचे परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर दिसू लागले आहेत. मी न सांगता करिश्मा रोज सकाळी गणवेश घालते आणि दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून घेते. यावरून हे सिद्ध होते की शिस्त आतून येते, शाळेतून येत नाही.

एक काळजी आहे. तिची दुपारची भूक मेली. रंजीता दुपारसाठी वरणभात झाकून ठेवते, मी साडेतीनला येतो तेव्हा तो तसाच असतो. तब्येत मात्र चांगली आहे. हाताला हळदीचा, खिचडीसारखा वास येतो. रंजीता म्हणाली, ती हळद लावते हाताले. का, ते विचारले नाही. मुलींचे काही असेल.

२४ जुलै

आज मी भागाकार सुरू करणार होतो. अभ्यासक्रमात तो पंधरा ऑगस्टनंतर आहे, पण मुलगी वेगाने जात आहे. दारावर उदाहरण लिहिले आणि समजावण्यासाठी वळलो, तर तिने बाकीसकट सोडवून टाकले. कोणी शिकवले, असे विचारले. ती आईकडे पाहू लागली.

"तुमीच त म्हनता, पोट्टी आपून होऊन शिकते," रंजीता म्हणाली.

मी म्हणतो खरा. पण असे डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. दिवसभर पोस्टात पत्रांवर शिक्के मारताना तेच डोक्यात होते. एक शिक्का टेबलावर मारला.

अजून एक. 'मी पाणी प्यायला जाऊ का, गुरुजी?' असे ती मला चुकून म्हणाली आणि जीभ चावली. मी दुरुस्ती केली नाही.

३१ जुलै

तीस दिवस झाले. कायद्यानुसार करिश्मा शाळाबाह्य झाली असणार. सकाळपासून नोटिशीची वाट पाहिली. उत्तराचा मसुदा तयार आहे, चार पाने. आले फक्त एक बी-बियाण्यांचे जाहिरातपत्र.

प्रभातफेरीही आली नाही.

शाळाबाह्य मुलांची यादी करण्याचे काम या वर्षी रंजीताकडेही आहे. मी तिला सांगितले, नवरा म्हणून माझी भीड ठेवू नकोस, नाव टाक, कायद्याला माझी दखल घेऊ दे. ती म्हणाली, नाव टाकायची गरज नाही. माझ्या शिकवण्यावर तिचा इतका विश्वास असेल, हे मला लग्नाला बारा वर्षं होऊनही माहीत नव्हते. आज चहाही मीच केला.

३ ऑगस्ट

सुकलू नैताम आला. त्याची बांधी, म्हणजे धानाचे शेत, आमच्या बांधीला लागून आहे. त्याच्या दोन मुली, मंगली चौथीत, करिश्माची जोडीदार, आणि रीना दुसरीत. दारावरची गणिते त्याने बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, आपणही पोरींना घरीच शिकवायचे म्हणतो. अर्ज तेवढा लिहून द्या.

एका माणसाने केले तर हट्ट, दोघांनी केले तर चळवळ. मी अर्ज लिहून दिला. 'पुढील शाळेचे नाव' या रकान्यात काय लिहायचे ते आता मला पाठ आहे. सुकलूने खाली सही केली.

तो गेल्यावर रंजीताने तांदूळ तीनदा धुतले.

१० ऑगस्ट

भर पावसात गुलाब गुरुजी पोस्टात आले. छत्री होती, पण तिच्या आत त्यांनी शाळेचे रजिस्टर धरले होते आणि स्वतः भिजले होते. मंगली आणि रीना आठ दिवसांपासून येत नाहीत, म्हणाले. तुमचा शब्द सुकलू ऐकेल, त्याला सांगा.

"हजेरी एकोणीसवर आली," ते म्हणाले.

मी म्हटले, गुरुजी, गणित चुकले. एकवीसातून करिश्मा गेली की वीस. या दोघी गेल्या की अठरा.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग रजिस्टरकडे पाहिले.

"असन," ते म्हणाले. "तुमचंच बरोबर असन."

माणूस थकला आहे. एकट्याने चार वर्ग सांभाळायचे म्हणजे बेरीज-वजाबाकी सुटणारच. त्यांचे वाईट वाटले.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज जे झाले ते सरळ लिहितो.

पोस्टात जाण्याआधी सुकलूचे गृहशिक्षण कसे चालले आहे ते पाहायला त्याच्या बांधीकडे गेलो. मार्गदर्शन म्हणून दोन पुस्तकेही घेतली होती. धानाची रोवणी चालू होती. सुकलू आणि त्याची बायको गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावत होते. बांधाच्या पाळीवर मंगली उभी होती, कडेवर आठ महिन्यांचा भाऊ. डोक्यावर प्लास्टिक पांघरले होते आणि पाय बदलून बदलून ती त्याला जोजवत होती. रीना दूर बकऱ्यांमागे होती.

मी मंगलीला विचारले, काय शिकलीस. तिने मलाच विचारले, "चौथीची कविता कुठवर आली जी?"

मी सुकलूला बांधीच्या काठावर बोलावले आणि म्हटले, हे काही शिकवणे नव्हे. तू लिहून दिले आहेस, घरी शिकवतो म्हणून.

"तुमी बी त लिहून देल्लं," तो म्हणाला.

मी म्हटले, मी खरेच शिकवतो.

सुकलूने हाताचा चिखल गवताला पुसला. तो काही टोमणा मारत नव्हता, त्याला खरेच कळत नव्हते. "तुमची पोरगी त रोज शाळेत जाते, भाऊ. तुमी पोस्टात गेले का मांगून निंगते. साऱ्या टोल्याले ठाव हाये. मले वाटलं, अर्ज एक द्याचा असते अन् करायचं एक असते. रोवणीपुरतं मले बी जमलं."

परत येताना शाळेवरून आलो. सरळ वाट दुसरी आहे. खिडकीपाशी थांबलो.

गुरुजी तिसरीच्या पोरांना वाचन देत होते. कोपऱ्यात पहिलीची पाच-सहा पोरं खाली बसली होती आणि त्यांच्यासमोर, हातात पट्टी घेऊन, लाल रिबिनींची करिश्मा उभी होती. ती 'ट' आणि 'ठ' यांतला फरक सांगत होती. 'ठ' आधी हवेत काढायला लावत होती, मग पाटीवर. ही माझी पद्धत आहे. डी.एड.च्या सराव पाठात मी ती वापरली होती. एक पोरगा चुकला तर तिने त्याचे बोट धरून फिरवले. तेही मीच करतो.

मी आत गेलो नाही. पोस्ट वीस मिनिटे उशिरा उघडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

१३ ऑगस्ट

काल घरी गप्प राहिलो. आज सकाळचा पाठ झाल्यावर रंजीताला विचारले, किती दिवसांपासून.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. करिश्माचे नाव कापलेच गेले नव्हते. गुरुजींनी माझा अर्ज पुढे पाठवलाच नव्हता, आणि मी घरी यायच्या आत, तीनलाच, ते तिला सोडत.

मी विचारले, मला सांगितले का नाही. साऱ्या टोल्याला माहीत आणि मला नाही.

तिने चुलीतले लाकूड आत सारले.

"सकाळचे दोन घंटे तुमी इतके खूश राहता," ती म्हणाली. "चहा मागत नाई, कोनावर रागावत नाई. दारासमोर उभे राहून शिकवून राह्यले, त मले तुमी लग्नातले दिसता. मले वाटलं, चालू द्या. पोट्टीचं बी होते, तुमचं बी होते."

यावर काय बोलावे ते डी.एड.ला शिकवत नाहीत.

करिश्मा दाराआडून ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, तुमी सकाळी सांगता ते मी पहिलीच्या पोरायले सांगते. गुरुजी एकटेच हायेत ना. तुमी सोडान त मी काय सांगू?"

रागावायचे ठरवले होते. वेळ निघून गेली.

१४ ऑगस्ट

काल दिवसभर करिश्माचा नाही, मंगलीचा विचार येत राहिला. मी काढलेल्या पायवाटेवरून माझी मुलगी गेलीच नाही. मंगली गेली.

सुकलूकडे गेलो आणि सांगितले, माझे चुकले. एवढे दोन शब्द बोलायला मला त्याच्या बांधीच्या दोन चकरा माराव्या लागल्या. पोरींना शाळेत पाठव.

तो म्हणाला, पाठवीन, पण लहान्याला कोण धरेल. रोवणी अजून दहा दिवस आहे आणि दोघांचे हात चिखलात. हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही. मी दोन्ही वेळा वाचले आहे.

घरी आलो आणि रंजीताला विचारले. ती म्हणाली, आणून टाका अंगणवाडीत, साडीची झोळी बांधते. मी म्हटले, तीन वर्षांखालचे लेकरू तिथे दिवसभर ठेवणे नियमात बसत नाही.

"मंग तुमी अर्ज नका लिहू," ती म्हणाली.

लिहिला नाही.

सुकलूला एक शंका उरली होती. त्या कागदावर आपली सही आहे, त्याचे काय होणार. मी त्याला नवा अर्ज लिहून दिला : पहिला अर्ज अर्जलेखकाच्या गैरसमजुतीने झाला, तो रद्द समजावा. अर्जलेखक म्हणून खाली माझी सही केली.

१६ ऑगस्ट

मंगली आणि रीना शाळेत आल्या. मंगली करिश्माच्या शेजारी बसली आणि आल्या आल्या तिची वही ओढून कविता उतरवू लागली. हे मी खिडकीतून पाहिले. लहान्या झोळीत झोपतो, असे रंजीता म्हणाली. जागा असला की अंगणवाडीतली सगळी पोरं त्यालाच खेळवतात आणि तिचे काम कमी होते.

वरून मार्गदर्शनही आले. मी विचारलेली माहिती त्या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. महिन्यापूर्वी मी यावर अपील केले असते.

सकाळी सात ते नऊ पाठ चालू आहे. आज 'ढ' घेतला. करिश्माला 'ढ' येतो. पण तिला तो पुढे शिकवायचा आहे.

२२ ऑगस्ट

गुरुजी घरी आले. शनिवारी त्यांना तालुक्याला प्रशिक्षण आहे, शाळा सकाळची, साडेसात ते साडेदहा. दुसरे कोणी नाही. तुम्ही थोडे बसाल का, असे त्यांनी विचारले. नियमात बसत नाही, हेही तेच म्हणाले. मग शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून पालकाने लक्ष ठेवायला काय हरकत आहे, हे त्यांनीच शोधून काढले. मी सदस्य नाही. रंजीता आहे. रंजीता म्हणाली, मी सांगितलं म्हून जातील.

मी बघतो म्हणालो. ते फाटकाबाहेर जाताच शर्टाला इस्त्री केली.

२४ ऑगस्ट, शनिवार

सात वाजताच पोचलो. कुलूप मंगलीने उघडले. किल्ली कुठे असते ते तिला माहीत आहे.

करिश्माने मला आधीच बजावले होते की तिथे मला 'बाळा' म्हणू नका. मी तिला 'भोयर' म्हणून हाक मारली. ती म्हणाली, गुरुजी आडनावाने बोलवत नाहीत.

हजेरी मांडायचा अधिकार मला नाही, ती गुरुजी येऊन मांडतील. मी नुसती नावे पुकारली. एकवीस नावे, एकवीस 'हजर'. एक 'हजर' जरा ओळखीचा वाटला, पण मी वर पाहिले नाही. मग चार वर्गांना चार कामे दिली. पहिल्या दहा मिनिटांतच कळले की चार वर्गांना चार कामे देता येत नाहीत. पहिली रडते, दुसरी भांडते, तिसरीचे काम दोन मिनिटांत होते आणि चौथीला सगळे येते. एका पोरीसमोर दोन तास शिकवणे आणि हे, यांत नाला आणि वैनगंगा एवढा फरक आहे. गुरुजी टाकीवर का चढत असतील, ते मला थोडे कळले.

मग मी फळ्यावर एक मोठा 'ठ' काढला. सगळ्यांना उभे केले आणि हवेत बोटाने काढायला लावला. पहिली ते चौथी, एकवीस बोटे. तिसरीच्या एकाने 'ठ'चे अंडे केले आणि त्यात पिल्लू काढतो म्हणाला. काढू दिले. मग अंडी किती, पिल्ले किती, असे करत गणित सुरू झाले आणि मला वेळेचे भान राहिले नाही.

साडेनऊच्या सुमारास पहिलीच्या एका पोराने करंगळीच्या शेजारचे बोट वर केले. "गुरुजी, पाणी प्याले जाऊ?"

मी जा म्हटले. तो उठला तसे सगळेच उठले. दोनच क्षणांत खोली रिकामी झाली. फळ्यावर अंडी आणि पिल्ले, खाली पाट्या, आणि मी.

तसाच उभा राहिलो. हातात खडू होता. बाहेर हापशीचा आवाज येत होता.

मग एकेक करून आत येऊ लागले, ओल्या हातांनी. मी दारात उभा राहून मोजले. सगळे परत आले होते.